पाच इंटरव्ह्यू झाले, पाचही ठिकाणी "कळवतो". माझं नक्की चुकतंय कुठे?

क्वालिटीवाला_संगमनेर

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच, काही चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

माझा डिप्लोमा मेकॅनिकल, 2021 चा पासआऊट. चाकणला एका मशीन शॉपमध्ये साडेतीन वर्षं क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. सीएनसीवर टर्न केलेले पार्ट, बुश, पिन, हाउसिंग असं काम. हातात 19,500 येतात. खोलीभाडं, मेस आणि घरी पाठवायचे गेले की वीस तारखेनंतर माझं काय होतं ते विचारूच नका. म्हणून चार महिने झाले बाहेर ट्राय करतोय. पाच ठिकाणी इंटरव्ह्यूपर्यंत पोचलो आणि पाचही ठिकाणी शेवटी एकच डायलॉग, "ठीक आहे, कळवतो". कळवत कोणीच नाही. आपण फोन केला की प्रोसेसमध्ये आहे म्हणतात.

शेवटचा तळेगाव साइडला झाला तो जसाच्या तसा सांगतो म्हणजे तुम्हाला अंदाज येईल. शनिवारी 10 ची वेळ होती, मी पोचलो 10:25 ला, चाकणच्या तळेगाव चौकात अडकलो होतो आणि तसं सांगितलं पण. आत क्वालिटी हेड, पन्नाशीचे असतील, आणि एचआरच्या मॅडम. "टेल मी अबाउट युवरसेल्फ" झालं, ते पाठच होतं, धडाधड म्हणून टाकलं. मग साहेबांनी रेझ्युमे उघडला. त्यात मी पीपीएपी, एमएसए, एसपीसी, एफएमईए, 8डी, 7 क्यूसी टूल्स अशी क्वालिटीच्या पद्धतींची सगळी नावं टाकलेली आहेत, सगळेच टाकतात. म्हणाले एमएसए (म्हणजे आपलं मोजमाप कितपत भरवशाचं ते तपासणं) केलंय का, म्हणलं हो सर, आम्ही करतो. जीआरआर, म्हणजे मोजण्यातल्या फरकाचा टक्का, किती आला होता? म्हणलं ओके आला होता सर. ओके म्हणजे किती? तिथं माझी बत्ती गुल. खरं सांगायचं तर एमएसए आमचे सिनिअर करतात, मला फक्त दहा पार्ट तीन-तीन वेळा मोजायला बसवतात, आकडा काय आला ते आपल्याला कोण सांगतंय.

मग म्हणाले एखादी कस्टमर कम्प्लेंट सांग. ती मात्र मी चांगली सांगितली असं मला वाटतं, बोअर, म्हणजे पार्टचं भोक, ओव्हरसाइज गेला होता, 1,200 पार्ट कस्टमरकडे जाऊन दोन दिवस आणि एक रात्र बसून सेग्रिगेट केले होते आम्ही. साहेब म्हणाले कारण काय निघालं, म्हणलं ऑपरेटरची चूक सर, त्यानं ऑफसेट (मशीनमधली टूलच्या मापाची सेटिंग) चुकीचा मारला. त्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बाईंकडं बघितलं. नोकरी का सोडतोय विचारलं, मी खरं तेच सांगितलं की तिथं पॉलिटिक्स फार आहे, मॅनेजर आपलीच माणसं पुढं करतो. अपेक्षा किती, 28. काही विचारायचंय का, नो सर. बारा मिनिटांत बाहेर.

मधे एकदा फोन पण वाजला, सायलेंट करायचा राहिला होता.

अजून एक. चाकणच्या आधी भोसरीला चार महिने एका कंपनीत होतो, ते रेझ्युमेत टाकलेलं नाही. टाकावं का? इंटरव्ह्यू घेणारं कोणी इथं असेल तर प्लीज स्पष्ट सांगा, राग येणार नाही.

लेट_शिफ्ट

तळेगाव चौकात अडकलो हे कारण तळेगावच्या साहेबाला सांगितलंस? भावा तो माणूस रोज त्याच चौकातून येतो, 9 ला केबिनमध्ये असतो. पंक्चर झाली म्हणायचं ना.

गेज_काका

24 वर्षं क्वालिटीत आहे, त्यातली निम्मी माणसं निवडायच्या खुर्चीत गेली. तुझं वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं, कारण तू लिहिलायस तो इंटरव्ह्यू मी महिन्यातून दोनदा तरी घेतो, समोरचा पोरगा तेवढा बदलतो.

आधी एक बाजूला काढून टाकतो. उशीर, फोन, शर्ट इन नाही, दाढी वाढलेली, ह्यानं आमचा मूड जातो, तुमची नोकरी जात नाही. एक जण भर पावसात टू-व्हीलरवरून आला होता, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली, आल्या आल्या म्हणाला सर पाच मिनिटं द्या, पाय धुवून येतो. आज तो माझ्याकडं लाइन बघतो. लेट_शिफ्टचं ऐकू नकोस, पंक्चरची गोष्ट आम्हाला आठवड्यात तीनदा ऐकायला मिळते. 10 ची वेळ आहे आणि 9:45 ला अजून चौकातच आहेस तर तिथूनच फोन करायचा की सर इतका इतका उशीर होईल. विषय संपला.

आता मुद्द्याचं. रेझ्युमेतली ती बाराखडी. पीपीएपीचे (पार्टच्या मंजुरीसाठी कस्टमरला द्यायची कागदपत्रं) 18 एलिमेंट रामरक्षेसारखे घडाघडा म्हणणारी मुलं येतात, आणि मी विचारलं की ह्यातला एक तरी कागद तुझ्या हातानं भरलायस का, की सगळं थंड. मला पाठांतराचा राग नाही. राग ह्याचा की जे स्वतः केलं ते लपवतात आणि जे दुसऱ्यानं केलं ते मिरवतात. तुझ्या एमएसएचंच घे. तुझ्याकडं उत्तर होतं रे! दहा पार्ट, तीन माणसं, तीन-तीन वेळा, त्यातला एक माणूस तू. म्हणजे तुला माहीत आहे की पार्टचा नंबर तुम्हाला दिसू देत नाहीत, क्रम दरवेळी बदलतात, शेजारच्याचं रीडिंग बघू देत नाहीत. "सर, स्टडी सिनिअर करतात, मी मोजणाऱ्या तिघांत असतो, फायनल आकडा मला माहीत नाही" एवढं बोलला असतास तर मी पुढं विचारलं असतं की मग तिघांची रीडिंग वेगळी का येतात, आणि तू आपोआप सांगितलं असतंस की अमका मायक्रोमीटर रॅचेटनं न आवळता थिंबल धरून पिळतो, तमका पार्ट तिरपा धरतो. इथं मी मनातल्या मनात टिक मारतो. 10 टक्क्यांच्या आत असला तर चांगला, 10 ते 30 मधला काम बघून चालवून घ्यायचा, 30 च्या वर नापास, हे पुस्तकात आहे, ते मी तुला एका दुपारी शिकवीन. पिळणारा माणूस ओळखायला कोणी शिकवत नाही.

दुसरं, माझ्या टेबलावर एक बुश, त्याचं ड्रॉइंग, 0.02 चा व्हर्निअर आणि 0-25 चा मायक्रोमीटर कायम पडलेला असतो. ओडी, म्हणजे बाहेरचा व्यास, 18.00, प्लस झिरो मायनस 0.1, म्हणजे 17.90 ते 18.00 पास. मी एवढंच म्हणतो, हा ओडी मोजून सांग पार्ट पास का फेल. पहिली गंमत कोणतं इन्स्ट्रुमेंट उचलतो त्यात, कारण टॉलरन्सच्या दहाव्या भागाएवढं तरी, इथं 0.01, लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) पाहिजे म्हणून वर्गात शिकवलेलं असतं, पण हात सवयीनं व्हर्निअरकडंच जातो. दुसरी गंमत, तो मायक्रोमीटर मी मुद्दाम चार डिव्हिजननं बिघडवून ठेवलेला आहे. बंद केला तर झिरोला झिरो येत नाही, 0.04 दाखवतो. एकानं फार झोकात मोजला, 17.92 वाचला, ड्रॉइंगवर टिक केली, "ओके सर". खरं माप 17.88, पार्ट रिजेक्ट. त्या पोराचा रेझ्युमे तीन पानांचा होता. त्याच्यानंतर आलेल्या मुलीनं आधी खिशातला रुमाल काढून दोन्ही फेस पुसले, बंद करून बघितला आणि म्हणाली, सर हा कॅलिब्रेशनला द्यायला झालाय. मी पुढचा एकही प्रश्न विचारला नाही.

आणि तिसरं, ज्याच्यामुळं त्या साहेबानं चष्मा काढला. मी असतो तर मी पण काढला असता. ऑपरेटरची चूक? बरं, मारला त्यानं ऑफसेट चुकीचा. मग ऑफसेट बदलल्यावर पहिला पीस कोणी बघायचा होता? तासातासाला पाच पार्ट मोजून शीटवर कोण लिहितं? 1,200 पार्ट निघेपर्यंत तू कुठं होतास बाळा? 8डी मध्ये, म्हणजे कम्प्लेंट सोडवायच्या पद्धतीत, कारण दोनदा शोधायचं असतं, दोष झाला का आणि झालेला दोष गेटबाहेर निसटला का. ऑपरेटर पहिल्याचं उत्तर आहे. दुसऱ्याचं उत्तर तू स्वतः आहेस, आणि तू त्या साहेबाच्या समोर बसून ते सांगितलंच नाहीस. आमच्या डोक्यात तिथंच पुढचं चित्र येतं, उद्या आपल्याकडं कम्प्लेंट आली की हा गडी पहिलं बोट ऑपरेटरकडं दाखवणार आणि शॉपमध्ये भांडणं लावणार.

जुन्या मॅनेजरचं पण तेच. असेल तो तसा, असतात. पण समोरचा पण मॅनेजरच बसलाय ना.

पेरोल_ताई

काकांनी टेक्निकल सगळं सांगितलंच आहे, मी एचआरमधली आहे, माझ्या टेबलावर जे होतं तेवढं सांगते.

28 म्हणजे काय? तुम्ही हातातले बोललात, मॅडमनी सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, लिहून घेतला असणार, हा घोळ रोजचा आहे. महिना 30,000 सीटीसी धरा. बेसिक 15,000 असेल तर कंपनीचा पीएफ 1,800 त्यातच, ग्रॅच्युइटी म्हणून बेसिकच्या 4.81 टक्के म्हणजे साधारण 720 त्यातच. ग्रॉस राहिला 27,480. त्यातून तुमचा पीएफ 1,800, प्रोफेशनल टॅक्स 200, फेब्रुवारीत 300. हातात 25,480. आणि बोनस सीटीसीत धरला असेल तर अजून कमी. म्हणजे तुम्हाला हातात 28 पाहिजेत तर 32-33 चा सीटीसी मागायला पाहिजे, आणि 28 चा सीटीसी घेतलात तर हातात साडेतेवीसच्या आसपास येतील आणि पहिल्या पगाराला तुम्ही माझ्या टेबलावर भांडायला याल. सरळ म्हणायचं, "आत्ता इन-हँड 19,500 आहे, इन-हँड 25 च्या पुढे अपेक्षा आहे". त्यात लाज कसली. उलट "ॲज पर कंपनी नॉर्म्स" म्हणणाऱ्यांचा मला जास्त ताप होतो, कारण ऑफर काढली की त्यांचे नॉर्म्स वेगळे निघतात.

आता भोसरीचे चार महिने. तुमचा पीएफ कापला जात होता का तिथं? जात असेल तर लपवून काही उपयोग नाही. यूएएन, म्हणजे पीएफचा नंबर, एकच असतो, बारा आकडी, आणि व्हेरिफिकेशनला सर्व्हिस हिस्ट्री मागवली की कुठल्या कंपनीत कधी जॉइन, कधी एक्झिट सगळी ओळीनं यादी येते. चार महिन्यांच्या नोकरीनं कोणी नाकारत नाही हो, फ्रेशर होतात, कोणीही समजून घेतं. पण रेझ्युमेत नाही आणि हिस्ट्रीत आहे असं दिसलं की माझ्या साहेबांचा पहिला प्रश्न येतो, अजून काय लपवलंय. असा एक चांगला मुलगा ऑफर लेटर हातात असताना गेला, मला अजून वाईट वाटतं.

आणि आजच्या आज पीएफच्या पोर्टलवर जाऊन बघा भोसरीवाल्यांनी एक्झिट डेट टाकलीय का. बरेच छोटे लोक टाकतच नाहीत, मग तुम्ही एकाच वेळी दोन कंपन्यांत कामाला होतात असं दिसतं. टाकली नसेल तर मॅनेज मध्ये मार्क एक्झिट आहे, तिथून स्वतःलाच टाकता येते, फक्त शेवटचा पीएफ भरल्याला दोन महिने होऊन गेलेले पाहिजेत, ते तर तुमचे कधीच झालेत. आधार लिंक पाहिजे, ओटीपी येतो.

नोटीस पिरियड किती आहे ते अपॉइंटमेंट लेटरमध्ये बघून जा. "लगेच जॉइन होतो सर" हे ऐकायला गोड वाटतं, पण एक महिन्याची नोटीस असताना लगेच येतो म्हणणारा उद्या आमच्याकडून पण असाच न सांगता जाणार, हा हिशोब समोरचा करतोच. आणि दर दोन दिवसांनी फोन नका करू. एक मेसेज तिसऱ्या-चौथ्या दिवशी, एक दहाव्या दिवशी. त्यानंतर ती कंपनी सोडून द्या.

कॅड_नाशिक

सगळ्या चुका इंटरव्ह्यू देणाऱ्याच्याच का हो? काका आणि ताई, तुमच्या बाजूचं पण जरा ऐका.

मी डिझाइनमध्ये आहे, मागच्या वर्षी अंबडला एका ठिकाणी 11 ला बोलावलं, रिसेप्शनला बसवलं, 2 वाजता साहेब जेवायला गेले, पावणेतीनला मला आत घेतलं. सॉरी नाही, पाणी नाही. आणि ह्यांना उमेदवार पंचवीस मिनिटं उशिरा आला की तो बेजबाबदार. आत गेल्यावर पहिला प्रश्न ड्रॉइंगवर नाही, सॉलिड मॉडेलवर नाही, "लग्नाचं काय ठरलंय?" मी म्हणलं त्याचा इथं काय संबंध, तर म्हणे तसं नाही मॅडम, आम्हाला लाँग टर्म माणूस पाहिजे. 2017 पासून बाळंतपणाची रजा 26 आठवडे झाली ती ह्यांना द्यायची नाही, एवढाच त्याचा अर्थ. भरतीत बाई म्हणून डावलायला 1976 च्या कायद्यापासून बंदी आहे, पण तोंडावर कोण म्हणतंय डावललं, "कळवतो"च म्हणतात. माझ्या भावाला आजवर कोणी विचारलेलं नाही की लग्न झाल्यावर तू नोकरी सोडणार का.

आणखी एका ठिकाणी टेस्ट म्हणून एक फिक्स्चरचं पूर्ण मॉडेल आणि डिटेल ड्रॉइंग करून मागितलं, दोन रात्री घालवल्या मी. पाठवलं आणि नंतर फोनच उचलेनात. ते फिक्स्चर आज कुठल्यातरी मशीनवर बसलेलं असेल, सांगता येत नाही.

संगमनेर, तू एवढं स्वतःला कोसू नकोस. पाचातले दोन तरी इंटरव्ह्यू नुसते दाखवायला असतात, माणूस आतूनच ठरलेला असतो.

गेज_काका

कॅड, लग्नाच्या प्रश्नावर माझ्याकडं बचाव नाही. पूर्वी मी पण विचारायचो, गप्पा मारताना विचारतात तसं, पोरीला बरं वाटावं म्हणून, असं मला वाटायचं. माझ्या मुलीला एका कंपनीत विचारलं तेव्हा ती घरी येऊन जे बोलली त्यानंतर बंद केलं. आणि तीन तास बसवणं हा शुद्ध माजोरडेपणा आहे.

"कळवतो"चं मात्र आतलं सांगतो. त्यातल्या निम्म्या वेळी आम्हालाच माहीत नसतं. पोस्ट मंजूर होऊन येते, इंटरव्ह्यू होतात, आणि मधेच कस्टमरचं शेड्यूल कमी झालं की वरून भरती होल्ड. मग काय कळवणार? कळवायला पाहिजे हे खरं आहे, होल्ड आहे म्हणून तरी.

पण आतूनच ठरलेलं असतं हे त्याला सांगू नकोस गं. पाचही वेळा ठरलेलं नसतं. तो घरी बसून तेच म्हणत राहील.

पॉलिटेक्निक_सर

मी डिप्लोमाच्या मुलांना शिकवतो म्हणून मध्येच बोलतो. ह्या मुलानं "टेल मी अबाउट युवरसेल्फ" पाठ म्हणून दाखवलं ह्यात चूक आमची पण आहे. तिसऱ्या वर्षाला प्लेसमेंटच्या आधी आम्हीच एक कागद वाटतो, माय नेम इज, आय ॲम फ्रॉम, माय स्ट्रेंग्थ इज हार्ड वर्क, माय हॉबी इज लिसनिंग म्युझिक. सगळा वर्ग तेच म्हणतो. एकदा पॅनेलवरच्या साहेबांनी विचारलं कोणतं म्युझिक, तर मुलगा म्हणाला, सर तसं काही नाही, सरांनी लिहायला सांगितलं होतं. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो.

इंग्रजीचं भूत मुलांच्या मानेवर बसलेलं असतं. पाठ केलेलं चार मिनिटं इंग्रजीत चालतं, मग कामाचा पहिला खरा प्रश्न आला की त्याच इंग्रजीत अडकतात आणि समोरच्याला वाटतं ह्याला विषयच येत नाही. चाकण, रांजणगाव, वाळूज, सातपूरला शॉपफ्लोअरच्या पोस्टसाठी "सर, हे मी मराठीत सांगितलं तर चालेल का" असं विचारून बघा, नाहीतर हिंदीत. बहुतेक वेळा साहेबच सुटकेचा श्वास सोडतात. पण मेल वाचता आणि लिहिता यायलाच पाहिजे, कस्टमरचा कम्प्लेंट मेल मराठीत येत नाही.

क्वालिटीवाला_संगमनेर

बापरे, एवढं सगळं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार.

काका, तुमचा 1,200 पार्टवाला प्रश्न वाचून रात्री झोप लागली नाही. खरं सांगतो, त्या दिवशी माझ्याकडं चार मशीन होत्या आणि दुसऱ्या इन्स्पेक्टरची सुट्टी होती, तासातासाचं रीडिंग मी दोन वेळा न मोजताच भरलं होतं. आधीचे सगळे ओके येत होते म्हणून तसेच पुढचे लिहिले. हे मी कंपनीत पण कोणाला बोललो नाही. आता हे इंटरव्ह्यूत कसं सांगणार, सांगितलं तर कोण घेईल?

ताई, पोर्टल बघितलं. भोसरीची एक्झिट डेट खरंच नव्हती! टाकली. आणि पगाराचं गणित आज पहिल्यांदा कळलं, मला वाटायचं सीटीसी म्हणजे पीएफ कापायच्या आधीचा पगार.

गेज_काका

आता बोललास.

असं जसंच्या तसं सांगू नको, पण खोटं पण सांगू नको. न मोजता भरणं ही साधी गोष्ट नाही, मी पकडलं असतं तर मेमो दिला असता. पण तिथून पुढं तू काय केलंस ते सांग ना. त्या कम्प्लेंटनंतर काही बदललं का तुमच्याकडं?

क्वालिटीवाला_संगमनेर

हो, बदललं. बोअर मोजायला एअर गेज आलं दोन महिन्यांनी. पण त्याच्या आधी मीच सुपरवायझरला म्हणलो होतो की ऑफसेट बदलला की ऑपरेटरनं लाल टॅग लावून मशीन उभी करायची आणि पहिला पीस माझ्या सहीशिवाय पुढं जायचा नाही. पहिला आठवडा ऑपरेटर लोकांनी शिव्या घातल्या, आता चालतं व्यवस्थित. तेव्हापासून बोअरची कम्प्लेंट नाही.

गेज_काका

अरे मग हे त्या साहेबाला का नाही सांगितलंस गाढवा! चार मशीन, एक माणूस, चेकिंग सुटलं, त्यात माझी पण चूक होती, त्यानंतर हा टॅग सुरू केला. चार वाक्यं. मी असतो तर टॅग किती मोठा होता, कुठं लावायचे, रात्रपाळीला पाळतात का, असं अर्धा तास विचारलं असतं.

रेझ्युमेतून एफएमईए आणि एसपीसी काढ. त्या जागी ही एक ओळ टाक.

आणि जाताना प्लग गेजचं, म्हणजे भोकात घालून बघायच्या गेजचं, बघून जा. गो बाजू, म्हणजे आत गेलीच पाहिजे ती, भोकाच्या लहान मापाची का मोठ्या, हे मी सगळ्यांना विचारतो आणि साडेतीन वर्षं रोज हातात गेज धरणारे पण गडबडतात.

क्वालिटीवाला_संगमनेर

लहान मापाची, हे येतं काका.

लेट_शिफ्ट

मी चाललो माझा रेझ्युमे उघडायला. त्यात सिक्स सिग्मा लिहिलंय. का लिहिलंय आठवत नाही.

क्वालिटीवाला_संगमनेर

तीन आठवड्यांनी अपडेट देतोय. काल रांजणगावला इंटरव्ह्यू झाला. सकाळी साडेसहाला निघालो, शिक्रापूरच्या ट्रॅफिकची भीती होती, तर रस्ता मोकळा, आठला गेटवर हजर आणि वेळ साडेनऊची. समोरच्या टपरीवर तीन चहा झाले.

भोसरीचे चार महिने ह्या वेळी रेझ्युमेत टाकले होते. एचआरच्या सरांनी का सोडली विचारलं, म्हणलं ठेकेदाराच्या रोलवर होतो आणि पगार दोन महिने लेट झाला. बरं म्हणाले आणि पुढं गेले, एवढंच. पाच महिने मी ह्याचीच धास्ती घेऊन बसलो होतो. पगार इन-हँडमध्ये सांगितला.

कम्प्लेंट विचारली, मी लाल टॅगची गोष्ट सांगितली, माझी चूक पण सांगितली, आवाज जरा कापला पण सांगितली. क्वालिटीचे साहेब म्हणाले टॅग रात्रपाळीला पाळतात का. काका, शब्दन् शब्द तुमचा प्रश्न! म्हणलं सर पहिले दोन महिने नाही पाळला, मग सुपरवायझरनं मशीनची चावी आपल्याकडं ठेवायला सुरुवात केली, तेव्हा पाळायला लागले.

मग मी वाट बघतोय प्लग गेजची, तर साहेबांनी ड्रॉवरमधून काढला स्नॅप गेज, शाफ्टवर बाहेरून घालून बघायचा. गो बाजू कोणत्या मापाची? मी तयारीतच होतो, पटकन म्हणलं लहान मापाची सर. ते काहीच बोलले नाहीत. नुसते बघत होते. मला आतून कळलं की काहीतरी हुकलं, मग टेबलावरचा पेन उचलला आणि म्हणलं एक मिनिट सर. हा शाफ्ट धरला, हा मोठ्यात मोठा असला तरी ह्यातून गेला पाहिजे, म्हणजे गो बाजू मोठ्या मापाची, लहान मापाची नो-गो. भोकाला उलटं असतं, मी भोकाचं पाठ करून आलो होतो सर.

साहेब हसले. एचआरच्या सरांना काही कळलं नाही ते पण हसले.

शेवटी काही विचारायचंय का म्हणाले, म्हणलं तुमच्याकडं एका इन्स्पेक्टरकडं किती मशीन असतात सर? तर साहेब म्हणाले, तीन, पण सुट्टी असली की पाच.

पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवतो म्हणालेत.